बोरघाट, फ्लॅटहेड इंजिन आणि दोन कार्बोरेटर

खालापूर तालुक्यातील कुंभिवलीच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. खोपोली मागे पडली की जुना मुंबई-पुणे रस्ता बोरघाट चढू लागतो आणि लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर उंची गाठतो. १८३० साली हा रस्ता चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला. पुढे मोटारी आल्या आणि इंजिनाची खरी परीक्षा घेण्याचे काम या घाटाकडे आले.

याच घाटातील रेल्वे बोगद्यांच्या कामांत वालचंद हिराचंद यांच्या कंपनीचा हात होता. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, डिसोटो, प्लिमथ या क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांत एका ओळीत सहा सिलिंडर असलेले फ्लॅटहेड इंजिन असे.

फ्लॅटहेड म्हणजे काय? आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर असतात. फ्लॅटहेडमध्ये ते सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभे असतात. हेड म्हणजे केवळ प्लग बसवलेले सपाट झाकण. रचना साधी, दुरुस्ती सोपी आणि आवाज कमी. पण धूर बाहेर जाण्याची वाटही ब्लॉकमधूनच असल्याने चढणीवर इंजिन लवकर तापते.

दुसरी अडचण वाटपाची. मधोमध एकच कार्बोरेटर असेल, तर मधल्या सिलिंडरांना मिश्रण जवळून मिळते. पहिल्या आणि सहाव्यापर्यंत पोचताना पेट्रोलचे थेंब वाटेतच नळीच्या भिंतींना चिकटतात. टोकाच्या सिलिंडरांना पेट्रोल कमी पडू शकते. असे पातळ मिश्रण पूर्ण भाराखाली सतत जळत राहिले, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याचा धोका वाढतो. म्हणून दोन कार्बोरेटर बसवण्यामागे वेगाच्या हौसेपेक्षा समान वाटपाचे कारण अधिक भक्कम आहे.

या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. नीट पाहिले तर पाळी एकदा पुढच्या तिघांची, एकदा मागच्या तिघांची येते. दोन कार्बोरेटर आलटून पालटून श्वास घेतात, ओढ समान अंतराने पडते. मात्र तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरची आत येणारी वाट ब्लॉकमध्ये एकच आहे, त्यामुळे दोन्ही कार्बोरेटर एकमेकांपासून पूर्ण वेगळे राहत नाहीत. एकाची चूक दुसऱ्याच्या माथी येते.

दुसरा कार्बोरेटर लावला म्हणून इंजिन दुप्पट हवा ओढत नाही. तीच हवा दोन वाटांनी विभागली जाते, प्रत्येक गळ्यातील तिचा वेग घटतो आणि जेटमधून पेट्रोल उचलण्याची ताकद कमी होते. म्हणून लहान गळ्याचे, एकाच मापाचे दोन कार्बोरेटर निवडावेत. मूळ मॅनिफोल्डला खालून एक्झॉस्टची ऊब मिळते. नव्यालाही ती मिळेल असे पाहावे. नाहीतर थंडीच्या सकाळी पेट्रोल नीट वाफाळत नाही.

जुळवणी करण्याआधी टॅपेट, प्लग, टायमिंग आणि कॉम्प्रेशन तपासावे. मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा चोरली जात असेल, तर पुढची सारी मेहनत वाया जाते. दोन्ही फ्लोटची पातळी सारखी करावी. मग इंजिन तापवून दोन कार्बोरेटरांना जोडणारा दांडा सोडवावा. रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा सूं आवाज ऐकावा. आयडलिंगचे स्क्रू थोडे थोडे फिरवत दोन्हींचा आवाज सारखा आणावा. त्यानंतर मिश्रणाचे स्क्रू, मग पुन्हा आवाज, कारण एक बदलले की दुसरे सरकते. शेवटी दांडा असा जोडावा की दोन्ही बटरफ्लाय एकाच क्षणी उघडू लागतील. रेस वाढवून पुन्हा ऐकावे. आयडलिंगला जुळलेली जोडी अर्ध्या थ्रॉटलला फसू शकते.

खरा निकाल मात्र घाटच देतो. चढण संपल्यावर, इंजिन निवले की सहाही प्लग काढून ओळीने मांडावेत. फिकट तपकिरी रंग असेल तर ठीक. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काजळी धरली तर जास्त. वर हवा ५-६ टक्क्यांनी विरळ असल्याने मिश्रण किंचित गडद होते, हेही ध्यानात ठेवावे.

आता एक नवी गोष्ट या हिशेबात आली आहे. पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते, शिवाय जुने रबर आणि कॉर्क खराब होऊ शकतात. त्यामुळे जुन्या पुस्तकातील जेटचे आकडे जसेच्या तसे चालत नाहीत; थोडे मोठे जेट लावून पुन्हा प्लग वाचावे लागतात. कुर्ल्याच्या त्या गाड्या चालत्या ठेवायच्या, तर त्यांच्या सुट्या भागांइतकेच हे ऐकणे आणि वाचणे पुढच्या हातांत जायला हवे. चकचकीत रंगाची, पण घाट न चढणारी गाडी म्हणजे केवळ शोभेची वस्तू.