चौकटी, फुगे आणि मधली रिकामी जागा

सुट्टी लागली, की पोरं चित्रकथांची पुस्तकं घेऊन पालथी पडतात आणि आपल्या तोंडून ठरलेलं वाक्य निघतं, "अरे, चित्रं कसली बघत बसलास? काहीतरी वाचायला घे!" तुमच्याही घरी हे होत असेलच. विणकामाच्या पुस्तकातला टाक्यांचा तक्ता आपल्याला एका नजरेत कळतो, कापडावर आखलेल्या खडूच्या रेघा कळतात. पण चित्रकथेचं पान समोर आलं, की आपण त्यातली तेवढी अक्षरं वाचतो आणि पान उलटतो. त्या पानालाही तक्त्यासारख्याच खुणा असतात, त्यांना नावं असतात, आणि त्या कळल्या, की आपलं मूल तासभर नेमकं काय करतंय हेही कळतं.

सगळ्यांत आधी चौकट. इंग्रजीत तिला पॅनल म्हणतात. एका चौकटीत एक क्षण. अशा तीन-चार चौकटी ओळीनं मांडल्या, की झाली चित्रपट्टी, म्हणजे स्ट्रिप. १९९१ साली 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' सुरू झाला, तो अशाच पट्टीतून. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस मात्र एकाच चौकटीत भेटायचा, म्हणून ते व्यंगचित्र. एकच चित्र असलं, की पुढे काय झालं हे सांगायची सोय नसते. दुसरी चौकट आली, की गोष्ट सुरू होते.

चौकटी वाचायच्या त्या डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आपल्या लिहिण्यासारख्याच. जपानी चित्रकथांचं उलटं असतं. त्या उजवीकडून डावीकडे चालतात आणि अनुवादातही पुष्कळदा तशाच ठेवतात. तेव्हा लेक शेवटच्या पानापासून पुस्तक वाचताना दिसली, तर लगेच रागावू नका!

चौकटीचा आकारही बोलतो बरं का. लहान लहान चौकटी दाटीनं आल्या, की धावपळ चाललेली असते. एखादी लांबलचक चौकट आली, की वेळ सावकाश चाललेला असतो. नागमोडी कडा असली, तर बहुधा आठवण किंवा स्वप्न. आणि पानभर एकच मोठं चित्र असलं, तर त्याला स्प्लॅश म्हणतात. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट फिरतं ना, तसं ते चित्र. रोज वाढलं, तर त्याची किंमत राहत नाही, म्हणून चांगला चित्रकार ते जपून वापरतो.

आता दोन चौकटींच्या मधली ती पांढरी पट्टी बघा. तिला इंग्रजीत चक्क गटर म्हणतात! नाव ऐकून नाक मुरडू नका, कारण चित्रकथेतली सगळी गंमत तिथंच आहे. समजा, पहिल्या चौकटीत ओट्यावर दुधाचं पातेलं आहे आणि खिडकीत मांजर बसलंय. दुसऱ्या चौकटीत पातेलं उपडं पडलंय आणि मांजर मिशा चाटतंय. मांजरानं उडी मारलेली, दूध प्यालेलं कुणी काढलेलंच नाही. ते तुम्ही पाहिलंत, त्या रिकाम्या पट्टीत. अमेरिकेतले चित्रकथाकार स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ साली 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' हे अख्खं पुस्तक चित्रकथेच्याच रूपात काढलं आणि त्यात या मनातल्या जोडणीवर फार भर दिला. तिला ते क्लोजर म्हणतात. आपण 'सांधणं' म्हणू या.

हे सांधणं किती मोठं काम आहे, ते मला आमच्या नात्यातल्या एका आठ वर्षांच्या मुलीमुळे दिसलं. वाचनात मागे आहे म्हणून शाळेतून चिठ्ठी आली आणि त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्या चित्रकथा माळ्यावर गेल्या. पोर दोन दिवस गप्प. मग तिच्या आजीनं वर्तमानपत्रातली एक चित्रपट्टी घेतली, अक्षरांवर कागदाचे कपटे ठेवले आणि म्हणाली, "सांग बघू गोष्ट." मुलीनं ती घडाघडा सांगितली. कोण रागावलंय, का रागावलंय, कोण खोटं बोलतंय, आणि दोन चौकटींच्या मध्ये दार कुणी लावलं तेसुद्धा! गोष्ट तिला पुरती कळत होती, अडत होती ती अक्षरांपाशी. पुस्तकं माळ्यावरून खाली आली. अक्षरं अजूनही अडखळतच येतात तिची, पण आता ती आधी बोलणाऱ्याचा चेहरा बघते, निम्मं वाक्य ओळखते आणि मग उरलेल्यासाठी अक्षरांकडे वळते. शाळेचा अभ्यास याच्या जागी चालेल असं मी म्हणणार नाही. पण वाचनाची भीती बसलेल्या मुलाच्या हातातून नेमकं हेच पुस्तक काढून घेणं मला तरी पटत नाही.

अक्षरं जिथं राहतात तो फुगा. त्याची निमुळती शेपटी ज्याच्या तोंडाकडे, तो बोलणारा. कडा गुळगुळीत असली तर साधं बोलणं, काटेरी असली तर ओरडणं, तुटक रेघेची असली तर कुजबुज. ढगासारखा फुगा आणि खाली बुडबुड्यांची माळ असली, तर ते मनातलं. एका चौकटीत दोन फुगे असतील, तर वरचा आधी वाचायचा. कोपऱ्यातल्या चौकोनातला मजकूर कुणाच्या तोंडचा नसतो, ते निवेदन. 'त्याच रात्री, राजवाड्यात' वगैरे.

मराठीत चित्रकथा आणणाऱ्यांची या फुग्यांनी चांगलीच परीक्षा पाहिली असणार. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघत होती, त्यातला वेताळ आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. १९६७ पासून अनंत पै यांची अमर चित्र कथा आली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्यांच्या चित्रांनी आपल्या डोळ्यांसमोरचा कृष्ण आणि शिवाजी घडवला. फुगा एकदा काढला, की तो काढला. दुसऱ्या भाषेतलं वाक्य त्याच मापात बसवायचं. पाऊण मीटर कापडात लांब बाह्यांचा ब्लाउज बेतण्यातलाच प्रकार! म्हणून कधी कधी अक्षरं कडेला टेकलेली दिसतात.

फुग्याबाहेरही खुणा असतातच. पळणाऱ्यामागच्या आडव्या रेघा, घाबरलेल्याच्या कपाळाभोवती उडणारे घामाचे थेंब. मॉर्ट वॉकर या अमेरिकन चित्रकारानं १९८० साली अशा खुणांचा एक छोटा कोशच केला, निम्मा थट्टेत. घामाच्या थेंबांना त्यानं प्ल्यूड्स म्हटलं आणि शिवीच्या जागी येणाऱ्या गिचमिडीला ग्रॉलिक्स. पदार्थावरून नागमोडी वर जाणाऱ्या वासाच्या रेघांनाही त्याच्याकडे नाव आहे! आणि आवाजांचं म्हणाल, तर धप्प, खळ्ळ, टण्, चुर्र या बाबतीत आपली मराठी कुणाला हार जाणार नाही.

हे सगळे नियम कळल्यावर एक पुस्तक मुद्दाम मिळवून बघा, 'भीमायन'. २०११ साली आलेलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सोसाव्या लागलेल्या अस्पृश्यतेची ही चित्रकथा. साताऱ्याच्या शाळेत शिपाई वरून ओतेल तेव्हाच पाणी, शिपाई नसला तर तहानलेलंच राहायचं, तिथपासूनची. यात सरळ चौकटी जवळजवळ नाहीतच. त्या जागी दिगना आहे, गोंड बायका घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात ती नक्षी. दुर्गाबाई ती लहानपणी आजीकडून शिकल्या. तीच नक्षी पानभर वळत जाते आणि गोष्टीला वाट करून देते.

पण मला सांगायचंय ते फुग्यांचं. प्रेमानं, मायेनं बोलणाऱ्याचा फुगा इथं पक्ष्याच्या आकाराचा आहे. विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. अक्षर न् अक्षर वाचायच्या आधीच लहान मुलालासुद्धा कळतं, की हे वाक्य डसणार आहे. आणि डसणारी माणसं काही राक्षसासारखी दिसत नाहीत, चारचौघांसारखीच दिसतात. हे पुस्तक मुलाच्या हाती देणार असाल, तर शेजारी बसा. प्रश्न येतील. "पाणी दिलं तर काय झालं असतं?" हा येईलच. शिवाय पोरं चौकस असतात. भांडी घासायला येणाऱ्या बाईंशी तुम्ही सकाळी काय बोललात, त्याला पक्षी काढायचा की नांगी, असंही विचारतील. तयारीत राहा.

आता थोडं हातानं करून बघायचं. वर्तमानपत्रातल्या जुन्या चित्रपट्ट्या कापा, चौकटी सुट्ट्या करा, पत्त्यांसारख्या पिसा आणि मुलांना लावायला द्या. चुकीच्या क्रमानंही कधी कधी गोष्ट तयार होते, ती मोडू नका, ऐका. मग जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू घेऊन चार चौकटी आखा आणि 'आज शाळेत काय झालं' ते काढायला सांगा. चित्रं काडीच्या माणसांची असली तरी चालतात. फक्त एक लक्षात असू द्या. अक्षरं आधी लिहायची आणि फुगा त्यांच्याभोवती मागून काढायचा. आधी फुगा काढला, की शेवटचा शब्द हमखास बाहेर राहतो आणि पोरगं कागद चुरगळतं.