सातपुड्यातला रस्ता आणि यंत्रांचा वाद

धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांची एक बातमी पावसाळ्यात जणू ठरलेली असते. रस्ता नाही, म्हणून आजाऱ्याला किंवा अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून दवाखान्यापर्यंत न्यावे लागले. अशा रस्त्यांची फाईल उघडली, तर पैसा नाही एवढेच उत्तर दर वेळी मिळत नाही. अनेकदा काम वनजमिनीच्या परवानगीवर अडलेले असते. बांधकामवाले म्हणतात वन विभागाचा दाखला नाही, वन विभाग म्हणतो प्रस्तावात त्रुटी आहेत, ग्रामसभेचा ठराव असतो पण हव्या त्या नमुन्यात नसतो. प्रत्येक टेबल आपल्या जागी बरोबर असते आणि फाईल पुढे सरकत नाही. संगणकाच्या जगात अशा अडलेल्या प्रकल्पांसाठी सध्या एक उपाय पुढे येतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला एकच प्रश्न विचारून एकच उत्तर घेण्याऐवजी तिचे तीन-चार ‘एजंट’ नेमायचे, प्रत्येकाला वेगळी बाजू द्यायची आणि ठरावीक फेऱ्यांचा शिस्तशीर वाद त्यांच्यात आपोआप घडवून आणायचा. नंदुरबारसारख्या जिल्ह्याला हा उपाय खरोखर उपयोगी पडू शकतो. मात्र वादाला कोणाला बसवायचे, पुरावा कोणता धरायचा आणि निकाल कोणी द्यायचा, हे वाद सुरू होण्याआधी माणसांनी ठरवलेले असले पाहिजे. नाहीतर जुनाच अन्याय जास्त वेगाने होईल. याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही, तो याच जिल्ह्याच्या नर्मदाकाठी आहे.

आधी ही पद्धत चालते कशी ते पाहू. समजा, एका पाड्याला दोन किलोमीटरचा रस्ता हवा आहे. 2006 च्या वन हक्क कायद्याचे कलम 3(2) शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची पाइपलाइन, रस्ता अशा 13 प्रकारच्या सुविधांसाठी वनजमीन देण्याची वाट मोकळी करते. अटी तीन आहेत : प्रत्येक प्रकरणात जमीन एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी 75 हून जास्त झाडे तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आता रस्ता पाच मीटर रुंद धरला, तर दोन किलोमीटरला 10,000 चौरस मीटर, म्हणजे नेमके एक हेक्टर लागते आणि ‘एक हेक्टरपेक्षा कमी’ ही अट चुकते. रुंदी सव्वाचार मीटर केली की जमीन 8,500 चौरस मीटरवर येते आणि अट पाळली जाते, पण मग बांधकामाच्या निकषाचे काय? वाटेतला काही भाग महसुली जमिनीतून गेला तर तो मोजायचा का? दोन तुकड्यांत प्रस्ताव पाठवला, तर ती दोन प्रकरणे की कायद्याला दिलेली बगल? हे प्रश्न अवघड नाहीत. पण ते एकेक करून, एकेका त्रुटीपत्रातून पुढे येतात आणि प्रत्येक पत्रामागे महिने जातात.

इथे एक एजंट बांधकामाची बाजू मांडेल, दुसरा वन कायद्याची, तिसरा ग्रामसभेच्या ठरावाची, आणि चौथ्याचे काम फक्त हरकती काढण्याचे असेल. पहिल्या फेरीत प्रत्येकाने दुसऱ्याचे न पाहता आपले म्हणणे लिहायचे, दुसरीत एकमेकांच्या म्हणण्यातल्या चुका काढायच्या, तिसरीत आपले म्हणणे दुरुस्त करायचे किंवा ते का बदलत नाही ते सांगायचे. प्रत्येक विधानाला कागद आणि त्याचे पान जोडलेले हवे आणि तो मजकूर त्या पानावर खरोखर आहे का, हे वेगळ्या साध्या प्रोग्रामने तपासायचे. फाईल ठरावीक दिवसांपेक्षा जास्त पडून राहिली की हे सगळे कोणाच्या आदेशाची वाट न पाहता सुरू व्हावे, एवढाच यातल्या ‘आपोआप’चा अर्थ. शेवटी हातात निकाल येत नाही, दोन पाने येतात. कशावर एकमत झाले, कशावर नाही, आणि मतभेद मिटवायला लागणारा कागद कुठे आहे : तळोद्याच्या मेवासी वन विभागात, तलाठ्याकडे की ग्रामसेवकाच्या दप्तरात. मतभेद नेमका कुठे आहे हे कळणे, हाच या पद्धतीचा खरा लाभ आहे.

या कल्पनेमागे संशोधन आहे. 2018 मध्ये जेफ्री आयर्विंग, पॉल ख्रिस्तियानो आणि डारिओ अमोदेई यांनी मांडले की, दोन यंत्रांना परस्परांविरुद्ध उभे केले, तर त्यांच्याइतके ज्ञान नसलेला माणूसही पंच म्हणून खऱ्याखोट्याचा निवाडा करू शकेल, कारण खोटे रेटण्यापेक्षा ते उघडे पाडणे सोपे असते. 2024 मध्ये याची एक नेटकी चाचणी झाली. पंचांना मूळ गोष्ट वाचायला दिली नव्हती, वादी यंत्रांना दिली होती. वाद न ऐकता उत्तरे देणाऱ्या माणसांची 60 टक्के उत्तरे बरोबर आली, वाद ऐकल्यावर 88 टक्के. पंच म्हणून यंत्रच बसवले, तेव्हा हे प्रमाण 48 वरून 76 टक्क्यांवर गेले. या प्रयोगातली एक व्यवस्था विसरू नये. वादी यंत्राने दिलेले अवतरण मूळ मजकुरात शब्दशः आहे की नाही, हे तपासून पंचाला दाखवले जात होते. पुराव्याची ही तपासणी नसलेला वाद वक्तृत्व स्पर्धेकडे झुकतो, आणि बोलण्यात यंत्रे आता कोणाला हार जाणारी नाहीत.

याउलटचे पुरावेही आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच वर्षीच्या एका दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, एकाच यंत्राला तोच प्रश्न अनेकदा विचारून बहुमताचे उत्तर घेतले, तर त्यापेक्षा वादाची पद्धत खात्रीने सरस ठरत नाही. एजंटांनी एकमेकांशी किती सहमत व्हावे यासारख्या गोष्टी नीट जुळवल्या तरच ती पुढे जाते. त्याआधी 2023 मध्ये अशा बहुएजंटी वादाची पद्धत मांडणाऱ्या यिलुन दू आणि सहकाऱ्यांनाही आढळले होते की, काही वेळा सगळे एजंट एकमताने आणि मोठ्या आत्मविश्वासाने चुकीच्या उत्तरावर येऊन थांबतात. चारही एजंट एकाच कारखान्यातून आलेले, एकाच मजकुरावर शिकलेले असतील, तर त्यांचे पूर्वग्रहही सारखेच असणार. म्हणून फार लवकर झालेले एकमत ही धोक्याची खूण समजावी. ‘एकमत झाले’ म्हणजे ‘खरे ठरले’ नव्हे, हे नर्मदेइतके दुसऱ्या कोणी क्वचितच दाखवले असेल.

नर्मदा जलविवाद लवाद 1969 मध्ये स्थापन झाला आणि त्याचा अंतिम निवाडा 1979 मध्ये आला. दहा वर्षे चाललेला हा शिस्तशीर वाद होता, राज्यांचे वकील, तज्ज्ञ, नकाशे, आकडेवारी यांच्यासह. त्यातला सर्वांत मूलभूत प्रश्न होता नदीत भरवशाचे पाणी किती. त्याचे उत्तर 1974 मध्ये संबंधित राज्यांच्या सहमतीने ठरले : 28 दशलक्ष एकर-फूट. मग वाटप झाले. मध्य प्रदेशला 18.25, गुजरातला 9, राजस्थानला 0.5 आणि महाराष्ट्राला 0.25. पुढे प्रत्यक्ष प्रवाहाच्या नोंदी वाढत गेल्या, तेव्हा हे पाणी 23 च्या आसपासच भरते, असे खुद्द मध्य प्रदेशाने सर्वोच्च न्यायालयात मांडले. तोवर निवाडा बंधनकारक झाला होता, सरदार सरोवर धरणाची उंची त्यावर बेतली होती. नदीचे पाणी तडजोडीने ठरत नाही, पण कागदावर ते तसे ठरले आणि कागद पुढे चालत राहिला. एजंटांच्या वादात नेमके हेच होऊ शकते. तीन एजंट एक आकडा मान्य करतात, चौथा गप्प बसतो आणि तो आकडा पुढच्या प्रत्येक हिशेबात वस्तुस्थिती म्हणून शिरतो. म्हणून सहमतीने मान्य केलेला आकडा आणि मोजून मिळालेला आकडा असे दोन वेगळे रकाने अहवालात असलेच पाहिजेत.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. लवादापुढे पक्षकार होती ती राज्ये. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 आदिवासी गावे बाधित होणार होती, मणिबेली त्यांतले पहिले. या गावांना त्या वादात स्वतःचा आवाज नव्हता. निवाड्याने पुनर्वसनाची तरतूद केली, ठरावीक प्रमाणात जमीन गमावणाऱ्या खातेदाराला किमान दोन हेक्टर जमीन दिली. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली पुष्कळ जमीन सरकारी दप्तरात वनजमीन होती आणि तिच्यावर राबणारा माणूस ‘अतिक्रमणधारक’ होता. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, तो खातेदार नाही. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने 1992 च्या अहवालात महाराष्ट्रातल्या या प्रश्नावर बोट ठेवले. वाद काटेकोर होता, नियमाने चालला, तरीही ज्यांचे घरदार जाणार होते त्यांचा पुरावा पुराव्यात धरलाच गेला नाही. एआय एजंट तर कागदावरच जगतो. जे दप्तरात नाही, ते त्याच्यासाठी नाहीच. तेव्हा अशा जिल्ह्यात वादाचा आराखडा करणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की, ज्याचा कागद नाही त्याची बाजू कोण मांडणार.

सुदैवाने कायद्याने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. वन हक्क नियमांत कसणाऱ्याचा वनजमिनीवरचा दावा सिद्ध करायला गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, स्थळपाहणीतल्या खुणा, जुनी थडगी, देवस्थाने हेही पुरावे म्हणून चालतात. हे पुरावे संगणकात आपोआप येत नाहीत, ते वन हक्क समितीने शिवारात जाऊन गोळा करायचे असतात. शिवाय ते भिली, पावरी, मावची बोलीत सांगितले जातात आणि या बोलींवर आजच्या यंत्रांची पकड मराठीच्या तुलनेतही कच्ची आहे. 2010 च्या सप्टेंबरात शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले, म्हणजे नव्या तंत्राचा पहिला पाय या जिल्ह्यात पडण्याची परंपरा आहे. पण तेव्हा यंत्राला फक्त बोटांचे ठसे आणि डोळे वाचायचे होते, बोलणे समजून घ्यायचे नव्हते. बोलीतला जबाब मराठीत आणताना जाणत्या माणसाने तो तपासल्याशिवाय वादात घेऊ नये, मग त्यात आठवडा गेला तरी चालेल.

कोणी म्हणेल, यासाठी यंत्रे कशाला, अधिकारी एकत्र बसतात की. बसतात, पण आपल्याकडच्या बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांसमोर वनरक्षक हरकत घेत नाही आणि ग्रामसेवक तर नाहीच. यंत्राला हुद्दा नसतो, बढतीची काळजी नसते आणि सगळ्या हरकती ते एकाच दिवशी टेबलावर आणू शकते. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. अधिकारी यंत्राआड लपेल, ‘सिस्टीमनेच नाही म्हटले’ असे सांगून मोकळा होईल. ही भीती खरी आहे आणि संगणकीकरणाच्या गेल्या काही वर्षांत रेशनपासून निवृत्तिवेतनापर्यंत लोकांनी हे वाक्य पुष्कळ ऐकले आहे. म्हणून एजंटांच्या अहवालात ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ हे शब्दच नसावेत. आदेशाखाली सही माणसाची असावी, कारणे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावीत आणि एजंटांमधले हरलेले म्हणणे खोडून न टाकता जसेच्या तसे जोडावे. 18 ऑक्टोबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचा निकाल दोन विरुद्ध एक असा दिला. न्या. भरुचा यांनी पर्यावरणीय मंजुरीच्या मुद्द्यावर वेगळा निवाडा लिहिला. तो अल्पमतात राहिला, पण लेखी राहिला, म्हणूनच आजही वाचता येतो.

राहिला खर्चाचा मुद्दा. चार एजंटांच्या तीन फेऱ्यांना एका उत्तराच्या कितीतरी पट संगणन लागते, हे खरे. पण साध्या प्रश्नाला वाद लावायचाच नसतो. ज्या फाईलवर दोन कार्यालयांची लेखी मते परस्परविरुद्ध आहेत, तिथेच तो लावावा.

सुरुवात नव्या रस्त्यांपासून करू नये, फेटाळलेल्या वन हक्क दाव्यांपासून करावी. तिथे कागद जमलेले आहेत, दोन्ही बाजू स्पष्ट आहेत आणि चूक झालीच तर वरच्या समितीपुढे ती सुधारता येते. ज्या दाव्याच्या आदेशात नाकारण्याचे कारण एका ओळीत उरकले आहे, तो दावा आधी घ्यावा. नंदुरबारच्या जिल्हास्तरीय समितीने एका उपविभागातले असे दावे निवडून ही पद्धत लावून पाहावी आणि तिचा अहवाल संबंधित ग्रामसभेत, तिच्या बोलीत, मोठ्याने वाचून दाखवावा. उपविभागीय समितीने दावा फेटाळला, तर वर दाद मागायला नियमाने 60 दिवस मिळतात. अहवाल त्या 60 दिवसांच्या आत दावेदाराच्या हातात पडला पाहिजे.