शक्तिवर्धन आणि विश्वसनीयता : ‘पल्सर 220’च्या इंजिनाच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या मोटारसायकलींपैकी अनेक मूळ स्वरूपात राहिलेल्या नाहीत, हे सहज ध्यानात येते. कोणाचा सायलेन्सर बदललेला असतो, तर कोणाचा एअर फिल्टर. इंजिनाची शक्ती वाढविणे म्हणजेच इंजिन सुधारणे, अशी विद्यार्थ्यांची (आणि प्रांजळपणे सांगायचे तर काही अध्यापकांचीही) समजूत दिसते. प्रस्तुत लेखात ही समजूत बजाज ऑटोच्या ‘पल्सर 220’ या उदाहरणाच्या आधारे तपासून पाहिली आहे. या इंजिनाची इंधनयंत्रणा खुद्द उत्पादकानेच दोनदा बदलली, म्हणून हे उदाहरण विशेष बोधप्रद ठरते.

इंधनपुरवठ्यातील स्थित्यंतरे

‘पल्सर’ 2001 मध्ये बाजारात आली. 2003 मध्ये तिच्या सिलिंडरला एकाऐवजी दोन स्पार्क प्लग बसविण्यात आले. ज्योत दोन बाजूंनी पसरल्याने दहन लवकर व अधिक पूर्ण होते. 2007 मधील ‘पल्सर 220’ला कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन मिळाले. त्या इंजिनाची शक्ती सुमारे 20 अश्वशक्ती होती. 2009 मध्ये मात्र हीच गाडी कार्बोरेटरसह आली. किंमत उतरली, शक्ती सुमारे 21 अश्वशक्ती झाली आणि ग्राहकांनी ती उचलून धरली.

तंत्रदृष्ट्या हे पाऊल मागे होते. इंजेक्शन यंत्रणा संवेदकांच्या साहाय्याने हवा व तापमान जोखून पेट्रोलचे प्रमाण ठरविते. कार्बोरेटरच्या जेटचे छिद्र ठरलेल्या मापाचेच राहते. तरीही हा निर्णय सर्वस्वी चुकीचा होता, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. कार्बोरेटर कोणत्याही नाक्यावरचा मेकॅनिक उघडून साफ करू शकतो. विश्वसनीयता म्हणजे केवळ न बिघडणे नव्हे. बिघडल्यावर दुरुस्त करता येणे, हाही तिचा भाग आहे.

भार आणि उष्णता

या इंजिनात पिस्टनचा व्यास 67 मिलिमीटर आणि एका फेरीतील त्याची धाव 62.4 मिलिमीटर आहे. मिनिटाला 8,500 फेऱ्यांच्या वेगाने पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 17.7 मीटर होतो. पिस्टन व कनेक्टिंग रॉडवर पडणारा जडत्वाचा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे फेऱ्या 8,500 वरून 9,500 वर नेल्यास वेग केवळ 12 टक्क्यांनी वाढतो, भार मात्र जवळजवळ 25 टक्क्यांनी. शक्तिवर्धनाची खरी किंमत येथे मोजावी लागते.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. पेट्रोलमधील ऊर्जेपैकी फार तर एक-तृतीयांश ऊर्जा चाकापर्यंत पोहोचते. उरलेली धुराड्यावाटे व सिलिंडरच्या भिंतींवाटे बाहेर पडावी लागते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनास त्यासाठी वारा हवा. ‘पल्सर 220’ला ऑइल कूलर आहे, पण त्यालाही वारा लागतोच. सायंकाळी साकीनाक्यावर किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत तो मिळत नाही. म्हणूनच आपल्या उपनगरांत इंजिनाचा कस मोकळ्या महामार्गापेक्षा तुंबलेल्या वाहतुकीत अधिक लागतो. त्यात या गाड्यांमध्ये इंजिन, गिअर व क्लच यांना एकच ऑइल पुरते. सिग्नलगणिक अर्धा क्लच दाबून धरला की त्याचीही उष्णता त्याच ऑइलात उतरते. हे ऑइल वेळेवर बदलणे हे साधे काम कोणत्याही महागड्या सायलेन्सरपेक्षा इंजिनाचे आयुष्य अधिक वाढविते. (मोटारीचे ऑइल येथे चालत नाही, त्यातील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे क्लच घसरू शकतो.)

मोकळा एअर फिल्टर व सायलेन्सर बसविला की इंजिनात हवा अधिक येते, पण जेट तोच राहिल्यास पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. मिश्रण विरळ होते, दहनकक्ष तापतो. गाडी ‘हलकी’ पळते असे चालकास वाटते, आणि काही महिन्यांनी इंजिन खोलावे लागते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार वाहनाच्या मूळ रचनेत फेरबदल करण्यावर निर्बंध आहेत, ही बाब वेगळीच.

पुन्हा इंजेक्शनकडे

1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज-6 मानके लागू झाली आणि ‘पल्सर 220’ पुन्हा इंजेक्शनकडे वळली. शक्तीचा आकडा परत 20 च्या आसपास आला. 2022 मध्ये उत्पादन थांबले, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाले.

2009 ते 2020 या काळातील कार्बोरेटरच्या गाड्या आजही उपनगरांत धावत आहेत. त्यांच्यापुढे आता 20 टक्के इथेनॉल-मिश्रित पेट्रोलचा प्रश्न आहे. एक भाग पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9 भाग. म्हणजे त्याच जेटमधून येणारे मिश्रण आपोआप विरळ होते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने ठोका कमी बसतो, हे खरे. पण जेटचे माप आणि रबरी नळ्या जुन्याच आहेत. अशा गाडीच्या मालकाने सायलेन्सर बदलण्याआधी आपल्या मेकॅनिककडून या दोन गोष्टी तपासून घेतलेल्या बऱ्या.