दिवसाला एक मिलिमीटर

हाड मोडलं तर दीड-दोन महिन्यांत जुळतं, कातडी कापली तर पंधरवड्यात भरून येते. हाताची नस तुटली आणि ती उत्तम रीतीने जोडली, तरी तिच्यातले तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर एवढेच पुढे सरकतात. दंडात तुटलेल्या नसेला बोटांच्या टोकापर्यंत पोचायला दीड वर्ष सहज लागतं. या आकड्याने मला फार वर्षांपासून धरून ठेवलं आहे. सूक्ष्मदर्शक आले, केसाहून बारीक धागे आले, पण हा वेग अजून कुणाला फारसा वाढवता आलेला नाही.

मी बोलतोय ते रक्तवाहिनीबद्दल नव्हे, तर संवेदना आणि हालचाल वाहून नेणाऱ्या नसेबद्दल. हातापायांत पसरलेल्या तिच्या प्रत्येक तंतूची मूळ पेशी पाठीच्या कण्यात किंवा त्याच्या अगदी लगत असते. पायाच्या अंगठ्याला जाणारा तंतू त्यामुळे जवळजवळ मीटरभर लांब असतो आणि त्याचं सगळं पोषण त्या एका पेशीकडून होतं. तो मध्येच कापला की पेशीपासून तुटलेला पलीकडचा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. मात्र मरतो तो फक्त तंतू. त्याच्याभोवतीच्या 'श्वान' नावाच्या पेशी जिवंत राहतात. मोडक्या तंतूचा कचरा उपसायला त्या हातभार लावतात, संख्येने वाढतात आणि तंतूभोवतीच्या जुन्या नळीत रांग धरून उभ्या राहतात. अलीकडच्या टोकाला नवा कोंब फुटतो आणि त्याचा शेंडा चाचपडत, या रांगेचा माग काढत निघतो.

हा शेंडा सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८९० साली कोंबडीच्या गर्भाच्या रंगवलेल्या कापांत ओळखला. समोर होती मेलेली, जागच्या जागी थिजलेली पेशी; त्यावरून काहाल यांनी तिची चाल ओळखली! १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भाचा कण लसीकेच्या थेंबात जिवंत ठेवला, त्यातून तंतू वाढताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि काहाल बरोबर होते हे सिद्ध झालं. मग मेंदूत आणि मज्जारज्जूत तुटलेले तंतू असे का वाढत नाहीत? १९८१ मध्ये मॉन्ट्रियलच्या सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट आग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा तुकडा जोडला, तर आतले तंतू त्या तुकड्यातून काही सेंटिमीटर वाढत गेले. वाढायची ताकद त्यांच्यात होती, त्यांना वाट मिळत नव्हती. ही वाट म्हणजेच श्वान पेशींची रांग.

इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात सायलस वेअर मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळी लागलेल्या नसांची दुखणी नोंदवली. त्याचं पुस्तक १८६४ साली आलं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मनीत पॉल हॉफमान आणि फ्रान्समध्ये ज्यूल तिनेल यांनी, शत्रुपक्षांत असूनही, एकच खूण टिपली: नसेवर बोटाने ठोकत गेलं की तंतू जिथवर वाढत आलेत तिथे झिणझिण्या येतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, हर्बर्ट सेडन यांनी इजांची तीन प्रकारांत विभागणी केली. नस नुसती बंद पडलेली, आतले तंतू तुटलेले पण बाहेरची चौकट शाबूत, आणि नस सगळीच तुटलेली. ऑस्ट्रेलियाच्या सिडनी संडरलंड यांनी १९५१ मध्ये तीनाचे पाच केले. या ज्ञानाचा मोठा वाटा युद्धांनी दिला, हे मला नेहमी खुपतं.

म्हणूनच असेल, या विषयातला माझा सर्वांत लाडका प्रयोग रणांगणावरचा नाही. तो दोन मित्रांनी कॉलेजच्या खोलीत केला.

हेन्री हेड हे लंडन हॉस्पिटलमधले डॉक्टर. नसा तुटलेले रुग्ण त्यांच्याकडे सतत येत. जेम्स शेरन या शल्यविशारदाबरोबर त्यांनी अशा रुग्णांचा मोठा अभ्यास केला आणि तो १९०५ मध्ये छापला. पण एक अडचण त्यांना छळत होती. रुग्णाला आपलं काम, आपलं घर असतं. तासन्‌तास बसून 'आता टोचल्यासारखं वाटलं, आता नुसतं दाबल्यासारखं' हे बारकाईने सांगायला त्याला सवड नसते आणि सरावही नसतो. मग हेड यांनी ठरवलं की रुग्ण आपणच व्हायचं. २५ एप्रिल १९०३ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताच्या कोपराजवळच्या दोन त्वचा-नसा कापून घेतल्या. त्यांचे लहान तुकडे काढून टाकले आणि टोकं रेशमी धाग्याने जोडली. कापायच्या नसा विचारपूर्वक निवडल्या होत्या, कारण त्या कापल्याने हाताची हालचाल जाणार नव्हती, फक्त मनगट आणि पंजाच्या पाठीचा एक पट्टा बधिर होणार होता.

तपासणारे होते विल्यम रिव्हर्स, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे. आपल्याकडच्या वाचकाला त्यांची ओळख दुसऱ्या वाटेने होऊ शकते. हा प्रयोग सुरू होण्याच्या थोडंच आधी, १९०१-०२ मध्ये, ते निलगिरीच्या डोंगरात तोडा लोकांमध्ये राहून आले होते आणि त्यांच्यावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९०६ साली निघाला. समोरचा माणूस काय सांगतो ते आपली समजूत मध्ये न घालता ऐकायचं आणि लिहायचं, ही सवय डोंगरातही लागते आणि प्रयोगशाळेतही. म्हणूनच मला वाटतं की हेड यांना रिव्हर्सपेक्षा चांगला तपासनीस मिळाला नसता.

हेड सवड काढून लंडनहून केंब्रिजला जात. आधी विश्रांती घेत, मग हात टेबलावर ठेवून डोळे मिटून बसत. रिव्हर्स कापसाचा बोळा फिरवत, सुई टोचत, बर्फाच्या आणि गरम पाण्याच्या नळ्या लावत, कंपासची दोन टोकं जवळ-दूर टेकवत. डिसेंबर १९०७ पर्यंत, साडेचार वर्षांहून जास्त काळ, हे चाललं. आवडती कविता वाचताना अंगावर येणारा काटा त्या हातावर कसा येतो, हेही त्यांनी निरखलं!

पहिलं नवल लगेचच दिसलं. कातडी पूर्ण बधिर, पण पेन्सिलीच्या टोकाने दाबलं तर दाब कळत होता आणि तो कुठे आहे हेही बरंच नेमकं सांगता येत होतं. कारण स्नायू आणि कंडरांमधून येणारे तंतू वेगळ्या वाटेने जातात. मग काही आठवड्यांनी संवेदना परतू लागली, पण ती ओळखीची नव्हती. टोचलेलं कळायचं ते पसरट, नको वाटेल असं, आणि कधी टोचल्या जागेपासून दूर भलतीकडेच. हलका स्पर्श, कोमट आणि गार यांतला बारीक फरक, दोन टोकं वेगळी ओळखणं हे सगळं फार उशिरा आलं, आणि काही जागी आलंच नाही.

यावरून हेड-रिव्हर्सनी संवेदनेच्या दोन स्वतंत्र यंत्रणा मांडल्या, एक आदिम आणि एक सूक्ष्म. १९०८ मध्ये 'ब्रेन' नियतकालिकात तो दीर्घ लेख आला. १९०९ मध्ये लंडनच्या ट्रॉटर आणि डेव्हिस यांनी स्वतःच्या नसा कापून तेच तपासलं आणि निष्कर्ष मान्य केले नाहीत. पुढे अमेरिकेत एडविन बोरिंग यांनीही आपली नस कापून घेतली आणि त्यांचाही कौल विरोधात गेला. दोन यंत्रणांचा सिद्धान्त आज मागे पडला आहे. पण नस वाढत असताना माणसाला आतून काय वाटतं, याचं एवढं काटेकोर वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना हट्टाने केंब्रिजला गेलो. सेंट जॉन्सच्या विटांच्या चौकांत उभं राहून, यांतल्या कुठल्या खिडकीमागे तो हात टेबलावर पसरला असेल, असा विचार करत राहिलो. घरच्यांना कॅम नदीत नावेतून फिरायचं होतं. मला तिथून हलवत नव्हतं.

तिथून आजच्या शस्त्रक्रियेकडे यायला हवं. पुण्यातल्या एका शल्यविशारद स्नेह्यांच्या परवानगीने मी एक शस्त्रक्रिया पडद्यावर पाहिली. मनगटातली नस सूक्ष्मदर्शकाखाली दोरखंडासारखी दिसते आणि तिच्यात बारीक पुंजके वेगवेगळे ओळखता येतात. वरचा पुंजका खालच्या योग्य पुंजक्यासमोर आला पाहिजे, नाहीतर हालचालीचे तंतू त्वचेकडे निघतात. सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे ताण. दोन टोकं ओढून जोडली की मधे व्रण माजतो आणि कोंब त्यातच अडकतात. व्हिएन्नाच्या हानो मिलेसी यांनी १९७०च्या दशकात ही गोष्ट शल्यचिकित्सकांच्या गळी उतरवली: टोकं ओढू नका, मधे नसेचाच तुकडा घाला. तो बहुधा पोटरीच्या मागच्या त्वचा-नसेतून घेतात. बदल्यात पावलाची बाहेरची कड बधिर राहते. रुग्ण हा सौदा आनंदाने करतात.

पण मानेजवळच नसांची मुळं उपटली गेली असतील, तर तुकडा जोडायला वरचं टोकच उरत नाही. मोटारसायकलवरून फेकलं जाऊन खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे ताणली गेली की नेमकं हेच होतं. माझ्या मावसभावाचं असंच झालं. हात खांद्यापासून लोंबत होता आणि पहिल्या ठिकाणी त्याला 'थांबा, येईल हळूहळू' एवढंच सांगितलं गेलं. तो थांबला. इकडे स्नायू थांबत नाहीत. नसेविना वर्ष-दीड वर्ष गेलं की ते कायमचे वाळतात, मग तंतू पोचून उपयोग नसतो.

अशा रुग्णांसाठी पॅरिसच्या क्रिस्तोफ ओबेरलँ यांनी १९९४ मध्ये मांडलेली युक्ती मला बुद्धीची कमाल वाटते. करंगळीच्या बाजूच्या चांगल्या नसेतले एक-दोन पुंजके दंडात सोडवायचे आणि शेजारीच असलेल्या, कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या नसेला जोडायचे. अंतर काही सेंटिमीटरांचं, म्हणून तंतू काही महिन्यांत पोचतात, आणि पंजाची ताकद सहसा कमी होत नाही. सुरुवातीला रुग्णाने मूठ आवळली, मनगट वाकवलं, की कोपर वाकतो. मग मेंदू नवी जोडणी शिकतो आणि कोपर नुसत्या इच्छेने वाकू लागतो.

कुष्ठरोगाचा उल्लेख टाळून हा विषय महाराष्ट्रात सांगताच येणार नाही. नसेला वाट दाखवणाऱ्या त्याच श्वान पेशींत कुष्ठरोगाचे जंतू घर करतात. बोटं झडतात ती मुख्यतः बधिरपणामुळे होणाऱ्या जखमांनी. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारणारे डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या आणि नसांच्या संशोधनाला आयुष्य दिलं. ज्यांना कुणी शिवत नव्हतं त्यांच्या स्पर्शाची काळजी या माणसाने वाहिली. त्यांच्यावर मराठीत मोठं चरित्र व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

शस्त्रक्रियेनंतर उरतो तो शिकण्याचा भाग. तंतू अचूक त्याच जागी परतत नाहीत, म्हणून मेंदूला हाताचा नवा नकाशा करावा लागतो. स्वीडनच्या गोरान लुंडबोर्ग यांनी हे वर्षानुवर्षं अभ्यासलं. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा चांगलं यश का येतं, याचं एक कारण इथे आहे. एका फिजिओथेरपी विभागात मी हे पाहिलं. तांदळाच्या परातीत नाणी, चावी, बटणं पुरलेली होती. "काका, डोळे मिटा. हाताला काय लागलं?" तिथल्या ताई विचारत होत्या. "बटण... नाही, नाणं." "आता बघा. आणि बघत बघत परत चाचपा." हे रोज, महिनोन्‌महिने. या कामाला शस्त्रक्रियेइतकीच प्रतिष्ठा मिळाली पाहिजे. आज ती मिळत नाही.

शेवटी एक विनंती. काचेने किंवा पत्र्याने मनगट, तळवा, बोट खोल कापलं, तर टाके घालण्याआधी, जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देण्याआधी, प्रत्येक बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का आणि प्रत्येक बोट हलतं का, हे तपासायला डॉक्टरांना सांगा. एकही बोट बधिर असेल, तर नुसती कातडी शिवून घरी येऊ नका. अपघातानंतर हात लोंबत असेल, तर पहिल्या काही आठवड्यांतच नसांच्या शल्यविशारदाला दाखवा आणि तीन महिन्यांत स्नायू हलल्याची खूण दिसली नाही, तर शस्त्रक्रियेचं विचारा. लाजू नका, दुसऱ्यांदा विचारा. माझ्या भावाच्या वतीने कुणी तसं विचारलं असतं, तर आज त्याचा कोपर वाकण्याची चांगली शक्यता होती.