लाकडाचे विमान : रेघा आणि रंग

आभाळात घरघर झाली की पोरं अंगणात पळतात. विमान दिसते, पण चिमणीएवढे. ते जवळून कसे असते, असे पोराने विचारले तर काय सांगावे? एक सोपा उपाय आहे. घरीच लाकडाचे विमान करावे आणि त्याच्या हाती द्यावे.

आमच्या इस्लापूरच्या बाजूला लाकूड ओळखणारी माणसे पुष्कळ आहेत. किनवटचा साग तर सर्वांना ठाऊक आहे. पण खेळण्याला साग नको. तो कठीण आणि महाग. सीमेपलीकडे तेलंगणात निर्मल गाव आहे. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी करतात. त्यांचे लाकूड हलके आणि मऊ असते. त्याला पोनिकी म्हणतात. सावंतवाडीचे कारागीर पांगारा वापरीत आले. आपल्या बांधावर पांगारा असतोच. त्याची वाळलेली फांदी चालेल.

विमान कोणते करावे? आम्ही डाकोटा निवडले. हे विमान अमेरिकेत १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडाले. आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा १९४५ साली हैदराबादेत डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. तिच्याकडे डाकोटा विमाने होती. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपले शिपाई श्रीनगरला उतरले, तेही डाकोटातूनच.

खऱ्या डाकोटाची लांबी सुमारे २० मीटर. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २९ मीटर. आता खऱ्याचा एक मीटर म्हणजे आपला एक सेंटिमीटर धरा. झाला हिशेब! आपले विमान २० सेंटिमीटर लांब आणि २९ सेंटिमीटर रुंद. धड, पंख आणि शेपूट वेगळे तासा, खळीने जोडा आणि काचकागदाने घासून गुळगुळीत करा.

विमानाच्या अंगावर रेघा दिसतात. त्या नक्षीसाठी नसतात. विमानाचे अंग एका अखंड पत्र्याचे नसते. घरावर जसे पत्रे शेजारी शेजारी बसवतात, तसे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे रिबिटांनी जोडलेले असतात. दोन पत्रे मिळतात तिथे रेघ दिसते. दार, खिडकी यांच्या कडेलाही रेघ असते. पंखांच्या मागच्या कडेला हलणारे तुकडे असतात. त्यांनी विमान डावी-उजवीकडे कलते. शेपटीच्या आडव्या तुकड्यांनी नाक वर-खाली होते. म्हणजे रेघ पाहून विमानाचा कोणता भाग हलतो, ते कळते.

आता रेघा पाडू. उघड्या लाकडावर पाडू नका. लाकडाच्या शिरा दाभणाला ओढून नेतात आणि रेघ वाकडी होते. आमची पहिली रेघ अशीच बिघडली. म्हणून आधी अस्तर द्या. चिंचोक्याच्या खळीत खडूची बारीक पूड कालवा. दोन-तीन पातळ हात द्या. प्रत्येक हात पुरता वाळू द्या. मग काचकागदाने घासा. रेघ या अस्तरात पाडायची.

पंखावर लोखंडी पट्टी धरा. धडाभोवती रेघ काढायची तर जाड कागदाची सरळ पट्टी गुंडाळा. कागदाची कड कडेला बरोबर मिळाली पाहिजे. मनगटात बांगडी बसते तशी ती बसते. तिच्या कडेने आधी पेन्सिल फिरवा.

मग दाभण घ्या. ते थोडे तिरपे धरा आणि आपल्याकडे ओढा. पहिला हात अगदी हलका. दुसरा त्याच वाटेने. तिसरा जरा दाबून. नखाला लागेल एवढी रेघ पुरे. पहिल्याच वेळी जोर केला तर दाभण घसरते. घसरलेच तर घाबरू नका. त्या जागी अस्तर भरा, वाळवा, घासा आणि पुन्हा रेघ पाडा. रेघ बारीकच हवी. खऱ्या विमानातली फट एक मिलिमीटर असली, तर आपल्या विमानात ती शंभरावा भाग होईल. ती डोळ्यांना दिसणारच नाही! आपली रेघ ही फक्त खूण आहे. खूण मोठी झाली की विमान नांगरलेल्या शेतासारखे दिसते.

मग रंग. चंदेरी तेलरंगाचे दोन पातळ हात द्या. मध्ये एक दिवस जाऊ द्या. जाड रंग दिला तर रेघा बुजतात आणि सारी मेहनत वाया जाते. वाऱ्यात किंवा चुलीजवळ रंगवू नका. धूळ आणि राख चिकटते, शिवाय तेलरंग पेट घेतो. खिडक्या काळ्या करा. रंग चार दिवस वाळू द्या. मग पाण्यातला काळा रंग पातळ करा, त्यात साबणाचा एक थेंब टाका आणि रेघांवरून कुंचला फिरवा. लगेच ओल्या फडक्याने पुसा. वरचा काळा निघून जातो, रेघेतला राहतो. विमान एकदम जिवंत दिसते.

शेवटी महत्त्वाची गोष्ट. काही रंगांत शिसे असते. लहान मूल खेळणे तोंडात घालते. शिसे पोटात गेले की मुलाच्या मेंदूला इजा होते आणि ती भरून येत नाही. सरकारने २०१६ साली नियम केला. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे. तेव्हा घरात पडून असलेला जुना डबा खेळण्याला वापरू नका. जुन्या दाराचा रंगही पोरांसमोर खरवडू नका. नवा डबा घेताना त्यावरचे अक्षर वाचा. इंग्रजी असेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. शिसे नाही असे लिहिलेले असेल, तरच तो डबा घरी आणा.

आपण वाचायला शिकलो ते कशासाठी? पत्रासाठी, सात-बारासाठी, आणि अशा डब्यासाठीही. विमान दोन दिवस उशिरा झाले तरी चालेल. पोर सुखरूप पाहिजे.