चित्रफितीचे विनामूल्य शिक्षण व बुडणारा रोज

कॅमेरा हे सुशिक्षितांचे व पैसेवाल्यांचे साधन होय, अशी समजूत खेड्यापाड्यांतून अद्यापही दृढ आहे. लग्नाचे चित्रण करावयास तालुक्याच्या गावाहून मनुष्य येतो, शेतीची चित्रफीत शहरातून तयार होऊन येते, आणि गावातील बेकार तरुण केवळ पाहणाऱ्यांत राहतो.

या समजुतीस १९८४ साली अहमदाबाद येथे चांगलाच धक्का बसला. श्रीमती इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेत न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट यांनी वीस स्त्रियांना तीन आठवडे चित्रणाचे शिक्षण दिले. त्यांपैकी कित्येकींस अक्षरओळख नव्हती. तथापि कळ दाबणे, कॅमेरा स्थिर धरणे, उजेड कोणत्या बाजूने येतो ते पाहणे या गोष्टींस अक्षरांची गरज फारशी पडत नाही. त्यास डोळा, हात व सराव लागतो. पुढे या स्त्रियांनी माणेक चौकातील भाजीवाल्यांच्या अडचणींवर चित्रफीत तयार केली. भाजीवालीचे म्हणणे भाजीवालीनेच टिपले, हे त्यातील विशेष.

बिदरपासून फार दूर नसलेल्या, आज तेलंगणात असलेल्या जहीराबाद भागातील पस्तापूरचे उदाहरण तर शेतकऱ्यांस अधिक जवळचे वाटावे. तेथील डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून कोरडवाहू जमिनीच्या लहान तुकड्यांवर ज्वारी, बाजरी, राळे अशी पिके घेणाऱ्या दलित स्त्रियांत काम करीत आली आहे. पूर्वी दूरदर्शनमध्ये काम केलेले पी. व्ही. सतीश हे या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली काही शेतमजूर स्त्रिया चित्रण शिकल्या, व २००१ साली त्यांचे स्वतंत्र माध्यम-मंडळ उभे राहिले. परक्या भाषेतील पारिभाषिक शब्द पाठ करीत बसण्याऐवजी त्यांनी स्वतःचे शब्द घडविले. समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा धरून घेतलेल्या दृश्यास त्या ‘संघम शॉट’ म्हणतात, कारण संघात सर्व समान बसतात. वरून खाली व खालून वर पाहणाऱ्या कोनांस त्यांनी पटेल आणि गुलाम यांची नावे दिली. कॅमेऱ्याच्या कोनाचा इतका नेमका अर्थ पुस्तकी शिक्षणातून क्वचितच उमगतो.

देशात बीटी कापसास २००२ साली परवानगी मिळाली. त्यानंतर वरंगळ भागातील कापूस-उत्पादकांचा अनुभव या स्त्रियांनी शेतावर जाऊन टिपला, व २००३ साली त्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली. बियाण्याविषयी मतभेद आहेत व राहतील; परंतु बांधावर उभे राहून शेतकऱ्यास प्रश्न विचारणारी स्त्री स्वतः निंदणी-खुरपणी करणारी होती, म्हणून उत्तरे मोकळी मिळाली, ही गोष्ट विस्तार-कार्यकर्त्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

या मोकळेपणाचे मोल कर्नाटकातील ‘डिजिटल ग्रीन’ या प्रयोगातही दिसून आले. तेथे आसपासच्याच शेतकऱ्यांची चित्रफीत गावात दाखवून, मध्येच थांबवून, प्रश्नोत्तरे करण्यात येत. सोळा गावांत तेरा महिने चाललेल्या पाहणीत काही सुधारित पद्धतींचा स्वीकार नेहमीच्या भेटी-प्रशिक्षणाच्या मानाने सुमारे सातपट आढळला. पडद्यावरील मनुष्य आपल्यासारखाच आहे असे दिसले, म्हणजे ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ हा आक्षेप गळून पडतो.

असे शिक्षण विनामूल्य कोठे मिळेल? कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ साली बेकार ग्रामीण तरुणांसाठी सुरू झालेल्या प्रशिक्षण संस्थेच्या धर्तीवर केंद्र सरकारने पुढे बँकांच्या साह्याने जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था स्थापन करविल्या. लोक त्यांस ‘आरसेटी’ म्हणतात. छायाचित्रण व व्हिडिओ चित्रण हा त्यांच्या अभ्यासक्रमांपैकी एक असून तो साधारण महिनाभराचा असतो. शिकवणी, निवास व जेवण यांचे पैसे घेतले जात नाहीत, आणि शिक्षणानंतरही दोन वर्षे संस्था उमेदवाराची विचारपूस करते व बँकेचे कर्ज मिळविण्यास साह्य करते.

खरी अडचण निराळीच आहे. महिनाभर जेवण फुकट मिळाले, तरी घरी चूल कोणाच्या रोजावर पेटावी? याचे उत्तर न मिळाल्यास विनामूल्य जागा हळूहळू खात्यापित्या घरच्या मुलांकडेच जातात. म्हणून ग्रामसेवकांनी नाव सुचविण्यापूर्वी घरातील कमावती माणसे किती हे पाहावे, गावातील मजुरीचा हंगाम टाळून तुकडी मिळते का याची संस्थेत चौकशी करावी, व स्त्री-उमेदवार असल्यास बचत गटाकडून त्या महिन्यापुरते अल्प कर्ज मिळवून द्यावे.

या धंद्याचे वेळापत्रक शेतमजुरास अडचणीचे नाही. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते व चातुर्मासात थांबते. निंदणीचे काम बरेचसे त्याच चातुर्मासात असते. मात्र केवळ लग्नांवर विसंबणे बरे नव्हे. बीजप्रक्रिया, कंपोस्ट खड्डा, ग्रामसभा यांचे चित्रण करण्याची कामे कृषी सहायकांनी गावच्याच शिकलेल्या मुलामुलींस द्यावीत व त्याचा मोबदला रोखीने द्यावा. पहिले चित्रण बहुधा हलते व वाऱ्याच्या आवाजाने भरलेले निघते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस ते सुधारते. प्रवेशाची चौकशी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत अथवा तालुक्याच्या ‘उमेद’ अभियान कक्षात करता येते.