ठिपक्यांच्या संख्येपलीकडचा पडदा

लॅपटॉपच्या जाहिरातीत पडद्याबद्दल एक आकडा ठळक छापतात: १९२० × १०८०. आकडा खरा असतो, पण ठिपके किती एवढंच तो सांगतो. ते कसे उजळतात ते सांगत नाही; ते पॅनेलवर ठरतं. म्हणून आधी पॅनेल पारखावं, रेझोल्यूशन मग बघावं, असं माझं ठाम मत आहे. रेझोल्यूशनला किंमत नाही असं मात्र नव्हे, मराठी वाचणाऱ्याच्या लेखी तर मुळीच नव्हे. १५.६ इंची पडद्यावर १३६६ × ७६८ ठिपके असले की इंचाला जेमतेम शंभर पडतात. तिथे बारीक अक्षरातला ‘महाराष्ट्र’ बघा. अर्धा ष, ट आणि खालचा रकार यांच्या वाट्याला इतके थोडे ठिपके येतात की रकाराच्या दोन तिरप्या रेघा मिसळून करडा डाग उरतो. फुल एचडीत, म्हणजे १९२० × १०८० मध्ये, इंचाला १४१ ठिपके होतात आणि रेघा सुट्या होतात. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखतो. दोन फुटांवरून तो हिशेब जवळपास इथेच येतो. फोरकेवर अक्षरांच्या कडा आणखी नितळ दिसतात हे खरं, पण दाट ठिपक्यांतून प्रकाश कमी पार होतो, मागचा दिवा जास्त तापवावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते.

खरा फरक काचेच्या आत आहे. टीएन जातीच्या पॅनेलमध्ये द्रव स्फटिकांची रांग नव्वद अंशांत पिळलेली असते आणि वीज मिळाली की ते उभे राहतात. तिरप्या नजरेला त्यांचा कोन वेगळा पडतो, म्हणून झाकण मागे कलवताच फोटोतल्या सावल्या उजळतात, कधी निगेटिव्हसारख्या उलट्याही होतात. हिताचीने १९९६ मध्ये आणलेल्या आयपीएस रचनेत स्फटिक काचेला समांतर राहूनच फिरतात, त्यामुळे बाजूने पाहिलं तरी रंग टिकतो.

रंगांची चिकित्सा फोटोग्राफरनेच करावी, असं कोणी म्हणेल. पण स्वस्त आयपीएसवरही ‘४५ टक्के एनटीएससी’ असा शेरा आढळतो. म्हणजे वेबसाठी ठरलेल्या एसआरजीबी रंगांपैकी साठ-पासष्ट टक्केच. त्यावर कुंकवाचा लाल विटकरीकडे झुकतो. ऑनलाइन पैठणी घेणाऱ्याला हा फरक थेट पैशात मोजावा लागतो.

अडचण अशी की हे तपासायला ग्राहकाच्या हाती फारसं काही नसतं. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेलं बसवलेली सापडतात. दुकानात ब्राइटनेस पूर्ण चढवलेला असतो आणि मांडलेले व्हिडिओ भडक रंगांचेच असतात. २५० निटचा (निट हे उजेडाचं माप) पडदा तिथे झकास दिसतो, खिडकीजवळ मात्र त्यात आपलाच चेहरा दिसतो. ओएलईडी या तिसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा काळा रंग अस्सल, पण ब्राइटनेस उतरवला की अनेक पॅनेलं झपाट्याने उघडझाप करतात आणि काहींचं डोकं दुखतं. म्हणून दुकानात ब्राइटनेस निम्म्यावर आणायला सांगावं, झाकण मागे कलवून गडद फोटो बघावा, पांढऱ्या पानावर बारीक मराठी मजकूर उघडावा, आणि पॅनेलचे निट नि रंगांची टक्केवारी बिलाआधी लेखी मागावी.